वासराच्या कपाळावरचा खळगा

१२ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या टेकडीवरच्या देवळाचं काम एकदाचं तडीस गेलं. दगडन् दगड आम्ही लेझरने मोजून संगणकात उतरवला. आता पर्यटकांनी दाराशी फोन धरला, की पडलेले खांबसुद्धा उभे दिसतात. दारातलं दगडी वासरू तर काल कोरल्यासारखं दिसतं. येता-जाता हात फिरवून लोकांनी त्याच्या कपाळाला पाडलेला खळगा मी स्वतः संगणकावर भरून काढला. साहेब खूश आहेत.

तुला हे बघता येत नाही, एवढंच मनाला लागतं. सूनबाईकडून चार ओळी लिहवून धाड. फोनवर तू नुसतं ‘बरं आहे’ म्हणतेस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा धाकटा

२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. सूनबाईने दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा तुझ्या आवाजात. नक्कल बरी करते. देवळापाशी आता गाड्यांची रांग लागते, चहावाल्याला बोलायला फुरसत नाही. तुझं कौतुक कानावर आलं की मी मान ताठ करून चालते, आणि मग ठेचकाळते.

खळगा भरलास म्हणे. त्यात आईचा हात होता, माझा होता. तिच्या कडेवरून वाकून तूही लावायचास. सगळ्यांना एकदम पुसलंस की रे. असो, फोनातलं वासरू तुमचं, दारातलं आमचं. मी मजेत आहे. पन्नाशी आली, आता तरी वेळेवर जेवत जा.

आठवण ठेव, आम्ही ठेवतोच.

ताई

मामा, एवढं मी माझ्या मनाने लिहितेय. गर्दी वाढली म्हणून वासराभोवती काच बसवलीय. डोळे गेल्यापासून सासूबाई त्याच्या कपाळावर हात टेकवून परतायच्या, तेच त्यांचं दर्शन. पहिल्या दिवशी बोटं काचेवर आपटली. तरी रोज जातात, काचेशी थोडा वेळ उभ्या राहतात. तुमच्या ओळखीने काही होतंय का बघा. मी सांगितलं म्हणू नका.

१६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काचेचं मला कळलं. कुणाकडून ते विचारू नकोस. ही ओळ वाचताना जी अडखळेल, ती.

काच माझ्यामुळे बसली. हातांनी दगड कसा झिजतो, ते बैठकीत मीच आकड्यांनिशी मांडलं. बोललो ते खोटं नव्हतं. पण बोलताना तुझा हात एकदाही डोळ्यांपुढे आला नाही. आता देवापुढे बसलो की तोच येतो. हात जोडतो, पण काही मागायचं तोंड राहिलेलं नाही.

काच काढा म्हणून साहेबांकडे गेलो. त्यांनी माझेच आकडे माझ्यापुढे सरकवले.

पुढच्या महिन्यात मोजणीसाठी काच तासभर उघडणार आहे. आत मी आणि एक मदतनीस, दोघांनीही हातमोजे घालायचे. मदतनीस म्हणून तुझं नाव दिलंय. नाही म्हणू नकोस.

रागावलीस तरी पत्र लिही.

तुझा धाकटा

१ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

सूनबाई अडखळलीच. तिच्यावर रागावले नाही, तुझ्यावर रागावले. म्हणून उत्तराला उशीर.

मदतनीस म्हणून मी येणार नाही. त्या कपाळाला रोज हात लावणाऱ्या शेजारच्या साऱ्याजणी बाहेर उभ्या असणार. त्यांचे हात काय माझ्याहून जड होते? मोजणीवाल्याची बहीण म्हणून मी एकटीने आत जायचं आणि त्यांनी बघत राहायचं, हे मला जमायचं नाही. आणि हातमोजा घालूनच हात लावायचा, तर काच काय वाईट?

तू मात्र ये. आधी त्यांना सांग, काच कुणामुळे बसली ते. त्या बोलतील. खाली मान घालून ऐक, मध्ये आकडे सांगू नकोस. मग आत जा, हातमोजा काढ आणि त्या कपाळावर हात ठेव. घाई करू नकोस. साहेब रागावले तर रागावू देत. बाहेर आलास की तो हात आधी त्यांच्या हातात दे, एकेकीच्या. मी सगळ्यांत शेवटी उभी राहीन.

लोभ आहेच. वाढवायचा की नाही, ते तुझा हात हातात आल्यावर बघू.

ताई