टेकरावरच्या बांधीतले पऱ्हे

मी, आनंदाबाई गोमाजी निंबार्ते, वय एकाहत्तर, राहणार आंधळगाव, तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा, शुद्धीवर राहून हा कागद लिहून ठेवते. लिहिताना माझ्यावर कोणाचा दबाव नाही. एरवी आहे, तो खाली लिहिला आहे.

एक. घर, भांडी आणि दोन्ही गाई माझी एकुलती मुलगी गुंजन, राहणार नाकाडोंगरी, हिला.

दोन. टेकरावरची बांधी, म्हणजे उंचावरचे धानाचे शेत, हेही तिलाच. इथे थोडे सांगावे लागेल. आठ वर्षांपूर्वी माझ्या मालकांनी चुकून दुप्पट बियाणे भिजवले. धानाची रोपे, आमचे पऱ्हे, इतके दाट उगवले की सारा मोहल्ला हसला. मग आषाढात पूर शिवारात शिरला, सगळ्यांचा रोवणा, म्हणजे लावून झालेले धान, वाहून गेला आणि अकरा घरांची शेते आमच्या उरलेल्या पऱ्ह्यांनी पुन्हा उभी राहिली. लोकांनी आमच्या बांधावर नारळ फोडला. तेव्हा ऊर भरून आला होता. ती बांधी त्या दिवसापासून आमची राहिली नाही, हे उशिरा कळले.

तेव्हापासून दरवर्षी दुप्पट पऱ्हे टाकते आणि राखते. पूर आला नाही की ते पिवळे पडतात, गाईंपुढे जातात. मालक वारले त्या वर्षीही टाकले. एकदा नाही म्हटले, तर सकाळी अकरा घरची माणसे अंगणात येऊन मुकाट बसली. भांडली असती तर मला बरे वाटले असते.

गुंजन अशाच एका आषाढात बाळंत झाली. पाऊस चढला होता, मी गेले नाही. फोनवर तिने एवढेच विचारले, "आई, तुले पऱ्हे मोठे का मी?" मी पावसाचेच सांगत राहिले. त्याची लाज अजून वाटते.

म्हणून तीन. या बांधीला कसलीही अट नाही. गुंजनने विकावी, तूर लावावी, पडीक ठेवावी. तिच्या दारात कोणी नारळ घेऊन जाऊ नये.

चार. एका पुढाऱ्याने मला न विचारता बांधावर लावलेल्या कौतुकाच्या पाटीचा पत्रा गोठ्याच्या भोकावर ठोकावा.

पाच. मालकांची बियाणे मोजायची पायली देवळात ठेवावी. ज्याने त्याने आपले बियाणे मोजावे.

शेजारचा मोतीलाल साक्षीला आला, त्याला हे सारे वाचून दाखवले. त्याचे घर त्या अकरांतले. त्याने पेन हातात घेतले. मग म्हणाला, "काकू, तुमच्या मागं आमी कोनाकडं पाहाचं?"

"हे मले नको विचारू. अकरा घरं आहात, तुमीच ठरवा."

त्याने सही केली. पेन परत देताना हळूच म्हणाला, "यंदा तं टाकता ना?"

मी कागद दुसरी साक्षीदार तेजस्विनी हिच्यापुढे सरकवला.

सही: आनंदाबाई गोमाजी निंबार्ते
साक्षीदार: मोतीलाल भुरे; तेजस्विनी हटवार
स्थळ: आंधळगाव. दिनांक: १२ जून २०२५.

अक्षर घाईचे आहे, माफ करावे. काल भिजवलेले बियाणे उपसायला जायचे आहे. दुप्पट आहे, वेळ लागेल.