माझे देवळ्यास प्रस्थान

२० सप्टेंबर १९३६, सकाळ
हबीब आला. देवळ्याची सर्व्हिस मोटार चालवतो. माझ्या वर्गात होता. पाढ्यांत कच्चा, कवितेत पक्का. वत्सलेचा, म्हणजे माझ्या लेकीचा, तोंडी निरोप आणला. देवळ्याला दिवाळीनंतर ती मुलींचा वर्ग काढते आहे. बाकी सगळं ती शिकवील, पण कविता तात्यांनीच शिकवायची. माझ्यासाठी मागे खोली बांधली आहे, खिडकी मोठी ठेवली आहे. दिवाळीपर्यंत आलो नाही तर दुसरं कुणीतरी बघावं लागेल, असंही म्हणाली.
ठरलं. जाणार. फायनल.

त्याच दिवशी, संध्याकाळ
घरात सांगितलं. पुतण्या गोटीराम "बरं" म्हणाला आणि भांड्यांच्या दुकानात गेला. सूनबाई साळूनं मात्र आस्थेनं विचारलं, "मामंजी, नक्की ना? म्हणजे तुमच्या जागेवर हंड्यांची उतरंड लावता येईल." मी ओसरीवर निजतो. दोन्ही बाजूंना दुकानातले न मावलेले हंडे. रात्री मांजर गेलं की देवळातल्यासारखा नाद होतो. सवय झाली आहे.
गणपती बसलेले असताना घर सोडणं बरं नव्हे. विसर्जन झालं की लगेच.

१ ऑक्टोबर
पितृपक्ष लागला. आता पंधरा दिवस काही करता येत नाही. यात माझा दोष नाही, पितरांचा आहे.

७ ऑक्टोबर
तालीम सुरू केली. दुपारी सगळे निजले की हंड्यांपुढे उभा राहतो आणि जुन्या क्रमिक पुस्तकातल्या कविता म्हणतो. आवाज सुरेख घुमतो. असा वर्ग नोकरीतही मिळाला नव्हता. कुणी जांभई देत नाही.
आज पावसाच्या कवितेत तिसऱ्या कडव्याला अडलो. शब्द येईचना. हंडे गप्प. एखाद्या म्हाताऱ्याला भर वर्गात असं झालं तर मुली फिदीफिदी हसतील. मला तशी भीती नाही. सहज मनात आलं म्हणून टिपून ठेवतो.

१६ ऑक्टोबर
हबीब विचारून गेला, "मास्तर, उद्या सीट ठेवू?" म्हटलं, नवरात्रात घट हलवत नाहीत, मग घटापेक्षा मोठा माणूस कसा हलवणार? तो म्हणाला, "तुमचं खरं. पण घट नऊ दिवसांनी उठतात."
हजरजबाबी आहे. माझाच विद्यार्थी.

२५ ऑक्टोबर, दसरा
आज निघालो.
आज सीमोल्लंघन, याहून मोठा मुहूर्त कोणता? हबीबची मोटार आज बंद होती, पण आपल्या वाडवडिलांनी सोय करून ठेवली आहे. मुहूर्त साधायचा आणि प्रत्यक्ष निघणं व्हायचं नसेल, तर तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि आपलं एखादं वस्त्र गाठोड्यात बांधून जायच्या दिशेच्या घरी नेऊन ठेवायचं. याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. गाठोडं निघालं की माणूस निघाला असं धरतात.
गाठोड्यात माझी शाल आणि कवितांची वही घातली. मोठा पूल ओलांडून पंचवटीत सगुणाबाईकडे ठेवून आलो. ती साळूची मावशी, भाजी विकते.
परतताना पुलावरच दोन ओळी स्फुरल्या. भुजंगप्रयात.
निघालो निघालो अता मी निघालो,
जुन्या ओसरीला नमस्कार केला.
उरलेल्या दोन ओळी वाटेत सुचतील. ओसरीवर येऊन जेवलो. अंगात तरतरी आहे.

२६ ऑक्टोबर
साळूनं उतरंड लावली. म्हणते, मामंजी, तुम्ही कालच गेलात ना? माझी वळकटी आता भिंत आणि हंडे यांच्या मधे. कुशीवर निजलं तर मावतो. पाठीवर नाही.

३० ऑक्टोबर
सगुणाबाई भाजीची पाटी घेऊन दारात. "मास्तर, तुमचं गाठोडं तुमच्यापेक्षा धीट. एकटंच माझ्याकडे राहिलं. त्याला जेवायला घालू का?" साळू तोंडाला पदर लावून हसली.
प्रस्थान ठेवल्यावर तीन-चार दिवसांत निघावं असा नियम आहे खरा. पण गाठोडं आणखी पुढे सरकवलं तर मुदत नव्यानं लागत असली पाहिजे. हे माझं मत. शास्त्रात याविरुद्ध काही वाचल्याचं स्मरत नाही. तिच्याकडून गाठोडं आणलं आणि वही तेवढी काढून घेतली, तालमीला लागते. पुलावरच्या दोन ओळी कागदावर उतरवून तिच्या जागी घातल्या, आणि गाठोडं हबीबकडे दिलं. आता ते मोटारीत असतं. रोज देवळ्याला जातं आणि येतं. म्हणजे प्रवास माझ्या प्रकृतीला कितपत सोसतो तेही कळेल.

६ नोव्हेंबर
आज खरोखर निघालो होतो. हे स्पष्ट लिहून ठेवतो.
मोटारीत चढलो. पुढची सीट, हबीबशेजारची. मांडीवर गाठोडं. हबीबनं हँडल मारलं, गाडी थरथरू लागली. समोरच्या काचेतून रस्ता इतका रुंद दिसला की डोळे मिटले. एकाएकी आठवलं, अडकित्ता घरी राहिला. उतरलो. मागे भागीबाई म्हणून एक कोथिंबीरवाली होती, ती म्हणाली, "बाबा, बसायचं तर बस, नाय तर ऱ्हा. माझी जुडी सुकाया लागली." हबीब म्हणाला, "देवळ्यात अडकित्ते नाहीत का, मास्तर?" म्हटलं, आलोच.
गल्लीच्या तोंडाशी एका पायरीवर बसलो. दम लागला होता. अडकित्ता बंडीच्या खिशातच होता. हॉर्न ऐकू आला. थोड्या वेळानं पुन्हा आला. मग फार लांबून आला.
हॉर्न कर्कश आहे. असल्या घाईत सज्जन माणसानं प्रवास करू नये.

७ नोव्हेंबर
गाठोडं देवळ्याला उतरलं. वत्सलेनं स्वतः उतरवून घेतलं म्हणे. तेव्हा एका अर्थी मी देवळ्यातच आहे. साळूही आज माझी भाकरी थापायची विसरली. तिलाही तसंच वाटलं असावं.

१३ नोव्हेंबर
दिवाळी. थंडी कडक. शाल देवळ्यात मजेत आहे. हंड्यांच्या तांब्याला पाठ लागली की शहारा येतो. अभ्यंगाचं पाणी मिळालं, पण शेवटचं. हरकत नाही. गेलेल्या माणसासाठी एवढं केलं हेच खूप.
पाडवा झाला की नक्की. वर्ग त्याच आठवड्यात सुरू होतो.

२२ नोव्हेंबर
हबीब आला. मान खाली. वर्ग सुरू झाला. सटाण्याकडची एक मास्तरीणबाई नेमली, वत्सलेनं ती खोली तिला दिली. खिडकीपाशी बसून ती मुलींना कविता म्हणून दाखवते. वत्सलेचा निरोप असा: "तात्यांना सांग, मी रागावले नाही. खोलीत गाठोडं खुंटीला टांगलं होतं, रोज ते बघून मला वाटायचं की आज येतील. आता थंडी फार पडली आहे, शाल लागेल, म्हणून परत धाडते."
मी विचारलं, माझ्या दोन ओळी? हबीब म्हणाला, त्या बाईंनी मुलींना फळ्यावर लिहून दिल्या आणि पुढची ओळ करा म्हणून सांगितलं. एका मुलीनं केली. त्याला पाठ होती. मोटारीच्या दाराला टेकून त्यानं म्हटली:
गठोडेच आले, न आला प्रवासी.
बोटांवर लघु-गुरू मोजले. कुठे चूक नाही. दहापैकी दहा. त्याला म्हटलं, मुलीला सांग, मास्तरांनी शाबासकी दिली. तो म्हणाला, "तुम्हीच सांगितली असती तर." मग गाडीचा टाइम झाला म्हणून गेला.

२३ नोव्हेंबर
देवळ्याहून सुखरूप परत आलो. प्रवास लांबचा, अंग मोडून आलं आहे. शालीला धुराचा वास आहे, लेकीच्या चुलीचा. गाठोड्यातल्या तांदळाचा साळूनं भात केला. उतरंड काही हलवत नाही म्हणाली, पुन्हा पुन्हा कोण रचणार. कुशीवर निजतो आहे.
चौथी ओळ बाकी आहे. मघाशी जवळजवळ सुचली होती. तेवढ्यात मांजर गेलं.