बोटांवरचं सोडियम

बाई, तुम्ही गेल्याचं मला फार उशिरा कळलं, आणि सांगायचं होतं ते राहून गेलं.

सोलापूरच्या आपल्या शाळेची प्रयोगशाळा पत्र्याची. मार्चमध्येच तिथं भट्टी पेटायची. मी अकरावीत आहे, तुम्ही दिलेला क्षार ओळखायचाय. मी तार क्षारात बुडवून ज्योतीत धरते, पिवळाधमक उजेड पडतो आणि मी सगळ्यांच्या आधी सांगून टाकते, "सोडियम." तुम्ही येता, तार स्वच्छ करता. "आता हिला नुसतं बोट लाव, आणि धर." पुन्हा तीच पिवळी ज्योत. "हे तुझ्या घामातलं मीठ. क्षाराला अजून विचारलंस कुठं की?" मुली हसल्या, मी रडले. मधल्या सुट्टीत तुम्ही शेजारी येऊन बसलात, डब्यातली कडक भाकरी मोडून निम्मी मला दिलीत. "चूक होऊ दे की. पण बोलायच्या आधी रिकामी तार धरून बघायची."

आता मी जुने खडक दळते. समुद्रात तरंगणारे सूक्ष्म जीव, म्हणजे प्लवक, मेले की तळाशी जातात. शरीर विरतं, पण त्यातल्या चरबीचा सांगाडा गाळात राहतो, गाळाचा खडक झाला तरी टिकतो. शेवाळाचा वेगळा, जिवाणूंचा वेगळा. त्यावरून समुद्रात शेवाळ कधी आलं याचा माग काढायचा, हे माझं काम. मध्यंतरी एका फार जुन्या खडकात आम्हाला शेवाळाची खूण मिळाली. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी लेख लिहायला घेतला. माझी कायमची नोकरी त्यावरच अवलंबून होती. पण मला चैन पडेना. मी खडकाऐवजी भाजून अगदी कोरी केलेली वाळू त्याच यंत्रात दळली, तपासली. वाळूतही तीच खूण. खनिज तेलातही शेवाळाचे अंश असतात. यंत्राला लागलेलं तेल आम्ही मोजलं होतं.

"सर, लेख थांबवूया," मी म्हणाले. पडद्यावरचा लेख त्यांनी बंद केला. मग म्हणाले, "बरं झालं, आपल्यालाच कळलं."

नोकरी दुसऱ्याला मिळाली. मी यंत्र बदललं, खडकाची साल करवतीनं काढली आणि आतल्या गाभ्यावर सगळं पुन्हा केलं. यंदा निकाल आला. वाळू कोरी, आणि खडकात तीच खूण, बारीक पण पक्की. बाई, चारचौघांत चूक दाखवून नंतर जवळ बसणारं माणूस मला वेळेवर भेटलं. त्यामुळेच सरांपुढे उभं राहता आलं.

काल हे तुम्हाला सांगायला सोलापूरला आले; तुम्ही नाही, हे तेव्हा माहीत नव्हतं. स्टेशनवरून रिक्षा केली. रिक्षावाल्यानं विचारलं, "ताई, काय काम करता?" आणि मी त्याला सगळं सांगितलं.

"म्हंजे एवढंसं शेवाळ, दगड झाला तरी ऱ्हायलं म्हना की," तो म्हणाला.

"व्हय," मी म्हणाले.

हे पत्र कुठंच जाणार नाही, म्हणून कबूल करते. आमच्या प्रयोगशाळेबाहेर सगळ्यांत आधी तुम्हाला सांगायचं ठरवलं होतं. पण रिक्षा सिग्नलला थांबली, आणि मला राहवलं नाही.