जैसलमेरचं प्रस्थान

नाना, जैसलमेरची तिकिटं आज काढली. आई आणि मी, दोघीच जाणार. तुम्ही असता तर खिडकीवरच्या माणसाशी भांडून आला असता आणि उरलेला राग घरी आमच्यावर काढला असता. सहलीची तयारी तुमच्यासारखी कुणी करत नसेल. मेली सहल कसली, लढाईच ती.

मी सातवीत होते तेव्हा. अंबडच्या कंपनीला दिवाळीची सुट्टी लागायच्या कितीतरी आधीपासून तुम्ही पेटला होतात. तसं निमित्त आईचंच. ती सुरगाण्याकडची, पावसाच्या डोंगरातली. कॅलेंडरवरचा पिवळा किल्ला बघून एकदाच म्हणाली होती, जिथं पाऊस नाय, झाड नाय, असं गाव बघायचंय. तेवढं तुम्ही धरून बसलात. तुमची हौसही तुमच्या रागासारखीच, अंगावर धावून येणारी. इंदिरानगरच्या आपल्या दोन खोल्यांत रोज संध्याकाळी गाद्या-चादरींचा होल्डॉल बांधायचा सराव चालायचा. जागा धरायला कुणी पळायचं, पाण्याचा कॅन कुणी उचलायचा, सगळं हुकुमावर. एकदा आईच्या हातून पट्टा सुटला, तर तोच पट्टा खेचून घेऊन तुम्ही बकलासकट तिच्या पाठीत हाणलात. वर म्हणालात, स्टेशनात असं झालं तर गाडी तुझ्यासाठी थांबणार आहे का. तिनं होल्डॉल पुन्हा बांधला. दुसऱ्या दिवशी फळीवरचा डबा काढायला तिनं मला स्टुलावर चढवलं, कारण तिचा हात वर जात नव्हता. जैसलमेर राहिलं बाजूला, ही बाई या घरात टिकते की नाही एवढाच प्रश्न होता, आणि तो मलासुद्धा कळत होता.

दिवाळी तोंडावर आलेली. त्या दिवशी कंपनीतलं प्रेस मशीन बंद पडलं म्हणून तुम्ही भरदुपारी घरी आलात. टॉवेल काढायला कपाट उघडलंत, तर आईच्या साड्या जागेवर नाहीत. तुम्ही एकदा विचारलंत. मग तुम्ही विचारलं नाहीत. तिचे केस धरून तुम्ही तिचं कपाळ ओट्याच्या कडेवर आपटताय, मी मोरीत भांडी विसळतेय, आणि माझ्या हातातला तांब्या मला खाली ठेवता येत नाहीये. तिची नजर चुकून शेजारच्या काकूंच्या दाराकडं गेली. ती तुम्ही पकडलीत. तिचं मनगट पिरगाळलंत ते वाळकी काटकी मोडावी तसं वाजेपर्यंत, आणि तसेच काकूंच्या घरात घुसून बोचकं फरफटत आणलंत. लाथ मारून ते उघडलंत. 'पळून चालली होतीस,' एवढंच तुम्ही म्हणत होतात, पुन्हा पुन्हा, आणि मारत होतात.

काकू मध्ये पडल्या. एवढीशी बाई, तुमच्या खांद्यालाही लागत नव्हती. म्हणाल्या, "भावजी, ते प्रस्थान आहे. तुम्ही निघता त्या दिवशी अमावास्या. म्हणून आज चांगल्या दिवशी तिनं कपडे माझ्याकडं ठेवले. ते उचकटून तुम्ही अपशकुन केलात." तुमची आईही असंच करायची, निघायचा दिवस वाईट असला की आधीच्या शुभ दिवशी बोचकं शेजारी ठेवायची, म्हणजे प्रवास सुरू झाला असं धरायचं. तुम्ही मारायचं थांबलात. फरशीवरच्या साड्यांना तिचं रक्त लागलं होतं. त्या तुम्ही स्वतः घडी करून काकूंकडं परत ठेवल्यात.

आईचा हात प्लॅस्टरमध्ये गेला आणि जैसलमेर राहिलं ते राहिलंच. पण त्यानंतर तुम्ही तिच्यावर हात उगारला नाहीत, हे मान्य करायला हवं. राग काही कुठं गेला नव्हता, त्याला मी सापडले. तुम्ही फेकलेल्या पेल्याची खूण अजून भुवईवर आहे. शेवटच्या आजारपणात मात्र तुम्ही रडायचात. ती बिचारी देवाधर्माचं करून निघाली होती आणि मी जनावरासारखा तुटून पडलो, म्हणायचात. आई तेव्हा पायाशी बसून तुमच्या टाचांना तेल चोळत असायची.

आज तिकिटं दाखवताना मी सहज तिला म्हटलं, काकूंकडं पुन्हा प्रस्थान ठेवू या का. ती हसली.

"कसलं प्रस्थान गं. आमच्याकडं असलं काय नाय. मी चालले होते, दुपारच्या जीपनं, भावाकडं. कायमची. काकूनं वेळ मारून नेली."

आणि लगेच विचारायला लागली, तिकडं थंडी पडते म्हणतात, स्वेटर घ्यायचा का.

म्हणजे नाना, तुम्हाला बरोबरच कळलं होतं. मरेपर्यंत तुम्ही पस्तावलात ते एका थापेवर. मला आधी आनंद झाला, खोटं कशाला बोलू. फसलात ते बरंच झालं, तेवढ्यानं तिची हाडं वाचली. मग आठवत बसले, तुमच्या लाथेनं त्या बोचक्यातून काय काय बाहेर पडलं होतं. दोन साड्या, परकर, फणी, तिच्या आईचा फोटो. माझा एक फ्रॉकसुद्धा नव्हता.

हा कागद मी फाडून टाकणार आहे, कारण आईला वाचता येतं. तिला काही विचारायची हिंमत माझ्यात नाही. मी म्हटलं, घे स्वेटर, दोन घे.