दाराबाहेरचा शब्द

तालिसाय, ३ जानेवारी

ती. ताईस,
रोसेंदाचा शि. सा. न. आणि प्रभूच्या नावात सलाम.

फोनवर तू तीनदा 'कोण बोलतंय' विचारतेस, तेव्हा आपलं पत्रच बरं. पाठवलेले चिकट भाताचे सुमान पोचले. गूळ नेहमीसारखा जास्त, तरी सगळे संपवले.

यंदा पाळकबाईंनी मंडळीतल्या बायकांना सांगितलं, की संकल्प कोणी पाळत नाही. त्यापेक्षा प्रार्थनेत देवाकडे एकच शब्द मागा आणि वर्षभर त्याच्या मागे चाला. कोणाला 'धीर' मिळाला, कोणाला 'शांती'. जाड्या नेनिताला 'उपास' मिळाला, ती रडकुंडीला आली होती. मी शास्त्र उघडलं तर निर्गम निघालं. पुढे समुद्र, मागे फारोचं सैन्य, आणि देव मोशेला म्हणतो, की लोकांना पुढे चालायला सांग. माझा शब्द तिथेच मिळाला : तुलोय. थांबू नकोस, चालत राहा.

तेव्हा ठरवलं, मागचं मागे. मारिलागची खोली रिकामी करून शाळेतल्या नव्या बाईंना भाड्याने देते. पळून जाऊन कोळ्याशी लग्न करणाऱ्या मुलीची खोली दोन वर्षं रोज झाडून ठेवणारी आई म्हणजे मूर्खच. हे दार तुला बंद, असं तिला म्हणाले होते, ते बंदच राहील. तू तिचा विषय काढू नकोस.

कान सांभाळ. माया आहेच, ती कमी पडू देऊ नकोस.

तुझी,
रोसेंदा


लुसेना, १२ जानेवारी

चि. रोसेंदा हिस ताईचे अनेक आशीर्वाद.

विषय काढू नकोस म्हणालीस, आणि सगळ्या पत्रात तळमळीने काय लिहिलंस तर तोच विषय. बरं, मी नाही काढत. एवढंच कळवते, की विषयाचं बाळ आता वर्षाचं होईल. नाक थेट तुझ्यावर गेलंय. बिचाऱ्याचं कसं होणार, देव जाणे.

शब्द चांगला मिळाला. पण वहीत लिहिशील आणि वही हरवशील, तुला मी ओळखते. सुताराकडून पाटी करून घे, मोठ्या अक्षरांत रंगव आणि दारावर लाव. आतून नको, बाहेरून. बाजारातून दमून परत येतेस, तेव्हा समोर दिसला पाहिजे.

कॉफी कमी पी. रागावलीस तरी लिहीत जा.

तुझी,
पेत्रा


तालिसाय, २८ जानेवारी

ती. ताईस, शि. सा. न. आणि सलाम.

तुझं ऐकून पाटी लावली. दुसऱ्याच दिवशी मासेवाली टोपली घेऊन थेट चुलीपाशी. तिच्यामागे विमावाला, तोही न विचारता खुर्चीवर. मी चिडले तर म्हणाला, की बाई, तुम्हीच तर दारावर 'तुलोय' लिहिलंय. अगं, पाहुण्याला 'या, आत या' म्हणायला जन्मभर हाच शब्द वापरला, आणि निर्गमाच्या नादात मला तो आठवलाच नाही!

पाटी काढायला स्टुलावर चढले, तर फाटकात मारिलाग. कडेवर मूल, हातात तळ्यातल्या माशांची पिशवी. पिशवी फाटकाला अडकवून जाणार होती म्हणे. पाटीकडे बघत राहिली. मग विचारलं, की आई, हे सगळ्यांसाठी आहे का.

मी खरं सांगू शकले असते, की हा माझा शब्द आहे, तुझ्यासाठी नाही. खिळा अर्धा उपटला होता. तेवढ्यात पोराने तोंड वर केलं. ताई, नाक माझंच गं. मी म्हटलं, की वाचता येत नाही का, मूल उन्हात आहे.

आत आल्यावर त्याने माझा हात ओढून कपाळाला लावला, आईने शिकवलेला नमस्कार, निम्मा लाळेत. मला रडू आवरेना. झाडून ठेवलेली आपली खोली मारिलागने पाहिली आणि उंबऱ्यावरच बसली. मी तिला किती दुखावलं होतं, ते तेव्हा कळलं.

शाळेतल्या बाईंना नाही म्हणून कळवलंय. संध्याकाळी आमचा कोळी जावई आंबो बायकोला न्यायला आला आणि फाटकाबाहेरच घुटमळला. त्याला पाटी दोनदा मोठ्याने वाचायला लावली, मग आत घेतला.

मारिलाग म्हणते, मावशीनेच लिहिलं होतं, की एकदा आईचं दार बघून ये. खरं का गं?

तुझी,
रोसेंदा


लुसेना, ५ फेब्रुवारी

चि. रोसेंदा हिस अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न वाचायला नेमका चष्मा सापडत नाहीये.

देवाने पुढेच चालायला सांगितलं होतं, तू शब्द चुकीचा ऐकला नाहीस. फक्त त्या इस्राएलांनी समुद्र ओलांडताना पोरंबाळं मागे ठेवली नव्हती.

बाळाच्या कपाळाला माझा हात लावून घ्यायचाय, म्हणून ईस्टरला येतेय. तो अर्धा उपटलेला खिळा नीट ठोकून ठेव. आतून हाक मारलीस तर मला ऐकू येणार नाही, पण वाचता येतं.

तुझी,
पेत्रा