विहिरीचं पाणी विचारलं तर

माय,

तुया पायावर डोकं ठेवून लिहून राहिली. मी बरी हाये, काळजी नको करू.

संक्रांतीले यायचं जमत नाही. जावईबापूनं कॅरिबियन बेटांची तिकिटं काढली. मले समुद्राच्या तळाशी उभी करून त्यायले फोटो काढायचे हायेत. मले कोणी विचारलं नाही. पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून मी इथं पुण्यात, सोसायटीच्या पोहायच्या टाक्यात बुडी माराले शिकून राहिली.

नितेशदादानं वलगावच्या विहिरीत शिकवलं, तसा मी दम रोखला. शिकवणारी बाई ओरडली, "श्वास चालूच ठेवा! वर येताना रोखला तर फुप्फुस फाटतं." तिले काय सांगू, मले घरातही रोखायची सवय झाली.

माया पासपोर्ट त्यायच्या कपाटात असते. फोन स्पीकरवरच ठेवा लागते, म्हणून हे पत्र.

तुये गुडघे कसे हायेत? तूर फुलली का?

फोनवर मी हसूनच बोलीन. पण "विहिरीले पाणी किती हाये?" असं विचारलं, तर पाण्याचं सांगत बसू नको. दादाले धाडजो. तिकडं बेटावर गेल्यावर वलगाव लय दूर पडते.

तुयी,
प्रणाली