दप्तरातील श्रीयुत मेलविक यांच्याविषयी

प्रति,
माननीय नगरदंडाधिकारी साहेब,
ग्रोसुंद कचेरी, नॉर्वे

विषय: दप्तरातील ‘श्री. टी. मेलविक’ म्हणजे मीच, अशी नोंद होऊन छायाचित्रांच्या स्टुडिओचा परवाना कायम राहणेबाबत.

संदर्भ: आपली दि. ३ मार्च, २८ एप्रिल व २२ मे १८८८ ची पत्रे.

महोदय,

१. मी, टोरा मेलविक, वय ३४, अविवाहित, गेली सहा वर्षे धक्क्यावरील दोरखंडाच्या दुकानाच्या माडीवर, काचेच्या छताखाली, लोकांची छायाचित्रे काढते. धाकटी बहीण सिग्ने त्यांत रंग भरते. दोघींचे पोट यावरच आहे. पाटी जुन्या होडीच्या फळीची. पूर्ण नाव मावेना, म्हणून ‘टी. मेलविक’ लिहिले. परवान्यावरही तेच उतरले.

२. दि. ३ मार्चच्या पत्राने श्री. टी. मेलविक यांना, गावातील इतर पुरुष व्यावसायिकांप्रमाणे, दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आग विझवण्याच्या कवायतीस येण्याचा हुकूम झाला. मी कचेरीत गेले. कारकून श्री. स्केल्ब्रेड म्हणाले, “हे तुमच्या यजमानांचं पत्र आहे, बाई.”
“मला यजमान नाहीत.”
“मग भावाचं असेल.”
“भाऊ अमेरिकेत आहे.”
“ठीक. परत येईपर्यंत त्यांना गैरहजर मांडतो.”

३. म्हणून मी लेखी कळवले की असे गृहस्थ अस्तित्वातच नाहीत. त्यावर दि. २८ एप्रिलचे उत्तर आले: गृहस्थ नसल्यास त्यांचा परवानाही रद्द, स्टुडिओ महिन्याच्या आत बंद करावा. ते वाचून सिग्ने रडली. मी मात्र ५ मे रोजी कवायतीला गेले. आग विझवणाऱ्या दलाचे प्रमुख श्री. टेनफ्योर्ड म्हणाले, “बाई, घरी जा आणि मेलविकला पाठवा.” मी म्हणाले, “तो आलाय.” सगळे पोट धरून हसले. पण हजेरीत ‘मेलविक’ पुकारल्यावर मी ‘हजर’ म्हटले आणि तसे लिहिले गेले. दोन तास बादल्या वाहिल्या. हसणे साधारण पहिल्या अर्ध्या तासात थांबले.

४. १५ मे रोजी भर दुपारी डांबराच्या वखारीला आग लागली. माझे छत काचेचे असल्याने धूर प्रथम मला दिसला. त्या वेळी खुर्चीत कोण होते, हे आपणांस सांगायला नको. मान लोखंडी आधाराला टेकवलेली, छाती पुढे, पदक सरळ. “हलू नका, साहेब,” एवढे म्हणून मी खाली धावले. आपण पाऊण तास हलला नाहीत, असे सिग्ने सांगते. याबद्दल क्षमा मागते, कौतुकही वाटते.
बहुतेक पुरुष मासेमारीला गेलेले. टेनफ्योर्ड ओरडले, “मेलविक, बघत काय उभी राहिलीस? बायकांची रांग लाव!” इतक्या वर्षांत कोणी मला कामासाठी अशी बिनधास्त हाक मारली नव्हती. मासे साफ करणाऱ्या बायका हातातले सुरे टाकून आल्या. वखारीचे अर्धे छप्पर गेले, शेजारची घरे वाचली.

५. आता २२ मेचे पत्र. श्री. टी. मेलविक यांच्या शौर्याबद्दल रविवारी, २७ तारखेला, नगरसभागृहात सत्कार आहे. त्यांनी सपत्नीक यावे. म्हणजे रविवारी सत्कार, आणि सोमवारी, हे गृहस्थ अस्तित्वात नाहीत म्हणून, त्यांच्या स्टुडिओला टाळे. तिन्ही पत्रांखाली सही आपली आहे, आणि स्टुडिओत येता तेव्हा आपण मला ‘मेलविकबाई’ म्हणता.

६. तरी विनंती की ‘श्री.’ खोडून परवाना माझ्या नावे कायम करावा. दलातील नाव मात्र कमी करू नये. टेनफ्योर्ड यांचीही तशीच इच्छा आहे. रविवारी मी सिग्नेला घेऊन येईन. श्रीयुत मेलविक आल्यास त्यांनाही खुर्ची द्यावी. त्यांना एकदा पाहण्याची माझी फार इच्छा आहे.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
टोरा मेलविक
ग्रोसुंद, दि. २४ मे १८८८

सोबत: तिन्ही पत्रांच्या नकला, ५ मेच्या हजेरीचा उतारा, श्री. टेनफ्योर्ड यांची चिठ्ठी.

(समासातील शेरा)
मंजूर. परवाना कुमारी टोरा मेलविक यांच्या नावे कायम. स्केल्ब्रेड यांनी हुकूम आजच स्वतः नेऊन द्यावा, आणि तो कोणाच्या हाती द्यायचा, हे जिना चढण्यापूर्वी दोनदा वाचावे.
— नगरदंडाधिकारी